सगळ्या दरांना कायदा, कोयत्याला लवाद

पेठ वडगावच्या शिवारात ऊस उभा राहतो तेव्हापासून त्याची साखर विकली जाईपर्यंत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर सरकारचा हात असतो. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र ठरवते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. साखरेचा किमान विक्री दर, महिन्याचा विक्री कोटा, निर्यात, इथेनॉलचा भाव, सारे दिल्लीत ठरते. गाळप कधी सुरू करायचे हे राज्याची मंत्री समिती सांगते आणि साखर आयुक्तांच्या परवान्याशिवाय धुराडे पेटत नाही. इतक्या बांधलेल्या व्यवहारात, ज्याच्या हातून ऊस जमिनीपासून सुटतो त्या तोडकऱ्याची मजुरी मात्र कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारावर सोडलेली आहे. वाटाघाटी अडल्या की शरद पवार आणि पंकजा मुंडे यांचा लवाद. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. वाढ चांगलीच होती. पण शेतकऱ्याचे बिल १४ दिवसांत दिले नाही तर कायद्याने १५ टक्के व्याज लागते, आणि तोडकऱ्याच्या थकलेल्या पैशासाठी तसे कलम नाही. एकाचा दर हा हक्क ठरला, दुसऱ्याचा तडजोड.

त्या ३६६ रुपयांचा हिशोबही नीट पाहायला हवा. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोघांनी मिळून दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, तर माणशी पडतात तेवढेच ३६६. तेही आधी आगाऊ घेतलेल्या उचलीत वळते होतात, वर आजारपणाचा खाडा पडला तर दंड. बाईचे नाव बहुतेक कुठल्याच वहीत नसते. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे नीलम गोऱ्हे समितीच्या २०१९ च्या पाहणीत आढळले. एवढा आकडा समोर आल्यावरही हा मजूर आणि टोळी आणणारा मुकादम यांच्यातला खासगी व्यवहार आहे असे म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते.

आपल्या भागातून दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून कर्जात बुडालेले वाहनमालक कोल्हापूर-सांगलीत गावोगाव आहेत. पण ही फसवणूक होते ती पैसा मुकादमाच्या हातून रोखीने फिरतो म्हणून. कारखान्याच्या दप्तरी प्रत्येक मजुराची नोंद आणि त्याच्या-तिच्या खात्यावर पैसे आले, तर वाहनमालकही वाचतो. दुसरा आक्षेप, तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या बिलातूनच कापला जातो. म्हणूनच मजुरी वाढली की तिचा भार साखरेच्या दरात धरला पाहिजे, आणि तो दर बांधणारे सरकारच आहे. शेतकऱ्याला ऊसदरासाठी भरणारी जयसिंगपूरची ऊस परिषद आहे, मत आहे. बीडहून आलेल्या तोडकऱ्याचे मत इथे नाही, आणि राज्याची हद्द न ओलांडल्यामुळे आंतरराज्य स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा कायदाही त्याच्या वाट्याला आला नाही.

गुजरातने २०२३ मध्ये ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, तोही सरकारी अधिसूचनेने. महाराष्ट्राला ते अशक्य नाही. एफआरपी थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्तालय अडवते. मजुरांची नोंदवही आणि मागच्या हंगामाची चुकती मजुरी दाखवल्याशिवायही तो मिळता कामा नये, आणि त्या वहीत बायकांची नावे वेगळी, त्यांच्या खात्यांसह हवीत.