विद्यार्थ्याचे अखेरचे आठवडे आणि आपली बंद घरे

परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे अखेरचे चार-सहा आठवडे हा मोठा चमत्कारिक काळ असतो. परीक्षा आटोपलेल्या असतात, सामानाची बांधाबांध सुरू असते आणि व्हिशाचे उरलेले दिवस मोजले जात असतात. दुबई-शारजात शिकावयास आलेली मुले नेमक्या याच दिवसांत निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे अशा तक्रारी घेऊन आम्हां डॉक्टरांकडे येतात. औषधाने फारसे काही साधत नाही. चार दिवस कुणाच्या तरी घरी, घरच्या ताटात जेवावयास मिळाले तर मात्र पुष्कळ साधते. अमेरिकेत १९३२ साली स्थापन झालेल्या ‘एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या संस्थेने विद्यार्थ्यास यजमान कुटुंबात ठेवण्याची पद्धत रूढ केली. पुढे अनेक अभ्यासक्रमांत खेड्यातील घरी काही दिवस राहण्याचाही अंतर्भाव झाला.

परंतु घर देतो कोण, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. दुसऱ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये ज्यांना राहावयास जागा मिळाली होती, त्यांना बडोद्यात पारशी विश्रामगृहातून अकराव्या दिवशी काठ्या उगारून बाहेर काढण्यात आले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने सबब सांगितली आणि रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. हा वृत्तान्त ज्या आत्मकथनात आहे त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. आम्हां आखातवासीयांना व्हिसा म्हणजे पासपोर्टावरील शिक्का. बाबासाहेबांनी तो शब्द स्वदेशातील उंबरठ्यासाठी वापरला.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतून महाराष्ट्रात अभ्यासासाठी आलेल्या दोन विद्यार्थिनींचे आपल्या चळवळीवर मोठे ऋण आहे. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरील प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात पूर्ण केला. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवरील प्रबंध १९७३ साली बर्कलेत सादर केला आणि पुढे कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. २०२१ साली कासेगावातच त्यांचे निधन झाले. वसंत मून यांच्या ‘वस्ती’चा इंग्रजी अनुवाद २००१ साली प्रसिद्ध झाला तो ऑम्वेटबाईंचा, आणि त्याची प्रस्तावना झेलियटबाईंची. या दोघी केवळ ग्रंथालयात बसून परतल्या असत्या, तर नागपूरच्या एका वस्तीची कथा जगापुढे त्या ममतेने गेली असती काय?

अमेरिकन महाविद्यालयांच्या एका संघाचा भारत-अभ्यासक्रम पुण्यात अनेक वर्षे चालला. झेलियटबाईंचा त्याच्याशी निकटचा संबंध होता. विद्यार्थी मराठी शिकत आणि पुणेकर कुटुंबांत राहत. त्या व्यवस्थेविषयी आमची तक्रार नाही. परंतु कुठल्याही अभ्यासक्रमासाठी यजमान शोधताना स्वतंत्र खोली, संडास, शुद्ध पाणी, थोडेफार इंग्रजी या अटी असणारच. त्या दिसावयास जातिनिरपेक्ष. मात्र खेड्यात त्या लावल्या की पाहुणा आपोआप गावठाणातल्या वाड्यात उतरतो आणि बौद्धवाडी त्याला फेरफटक्यात, दुरून दिसते.

आता या अटी आपल्या घरांना लावून पाहा. रत्नागिरी-रायगडकडील आपल्या वाड्यांतून आखातच्या पैशाने बांधलेली पक्की घरे उभी आहेत. वर पाण्याची टाकी, आत संडास, दोन खोल्या रिकाम्या. वर्षातील अकरा महिने त्यांना कुलूप असते, किंवा आत एकटी आई असते. एवढी सिद्ध यजमान-घरे पडून असताना ती परदेशी विद्यार्थ्यांसाठी का उघडू नयेत? आपल्या संघटनेने मुंबई-पुण्यातील महाविद्यालयांना तसे लिहावे, असे आम्हांस वाटते.

त्याआधी आपल्याच मुलांचे पाहावे. येथे वाढलेले मूल गावी जाते ते जुलै-ऑगस्टच्या सुटीत, भर पावसात. पंधरा दिवस मोबाईल घेऊन माजघरात बसते आणि परतते. आजीचे बोलणे त्याला निम्मे कळते. बारावीची परीक्षा एप्रिलपर्यंत आटोपते आणि पाश्चात्त्य विद्यापीठांचे वर्ग बहुधा सप्टेंबरात भरतात. मधल्या महिन्यांतील निदान सहा आठवडे त्याने गावी काढावेत, आणि ते आईबापांवाचून. आई सोबत असली की मूल आजीशी बोलतच नाही, हा आमचा अनुभव आहे. जमल्यास त्याने एखादा महिना आपल्या नात्याबाहेरच्या घरीही राहावे, म्हणजे पाहुणा होणे म्हणजे काय ते कळेल.

‘परदेशी मुले आजारी पडतील’ अशी शंका काही भगिनींनी काढली. पोट बिघडते ते न उकळलेल्या पाण्याने. ते वाड्यातही बिघडते आणि वाडीतही. पाणी खळखळून उकळावे, मच्छरदाणी लावावी, जलसंजीवनीची पाकिटे घरात ठेवावीत. स्वयंपाक रोजचाच असावा. पाहुण्यासाठी मासळी लपवू नये. परकीय नागरिक घरी उतरल्यास यजमानाने चोवीस तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. ते काम आईवर न टाकता वाडीतील एखाद्या शिकलेल्या तरुणाकडे द्यावे, आणि घराच्या किल्लीची एक प्रत त्याच्याकडे आताच पाठवून ठेवावी.