संमेलनाच्या मांडवात चाक हवं

आमच्या भागात हिवाळा आला की साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी... बेळगावच्या आसपासची ही गावं. तिथे सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम वाजते, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, परिसंवाद, दुपारी गावजेवण, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. मोठ्या शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, "गावात? साहित्य संमेलन? लोक येतात?" येतात की! शेतातली कामं आटोपून येतात, मांडवात खाली बसून ऐकतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर सीमेच्या या बाजूला राहिलेल्या माणसांनी आपली भाषा अशी वर्गणी काढून सांभाळली आहे.

या संमेलनांचा मला अभिमान आहे, म्हणूनच एक मागणी करावीशी वाटते. या मांडवात कुंभाराचं चाक यायला हवं. कोपऱ्यातल्या स्टॉलवर नव्हे, मंचावर.

मागणीचं कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात मातीच्या कलेला चांगले दिवस आले आहेत असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिलं भारतीय सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन झालं. दुसरं २०२४ च्या जानेवारीत दिल्लीत सुरू झालं. पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेल्यांनी देशभर आपापले स्टुडिओ थाटले. मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी पॉटरीच्या कार्यशाळा भरतात, दिवाळीआधी प्रदर्शनं लागतात. या लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं असतं. भट्टी पेटवायची असेल तर मदतीला चार मित्र येतात, रात्रभर जागतात. कला अशीच जगते. एकट्याच्या बळावर कुठलीच भट्टी पेटत नाही.

पण या मेळाव्यात कुंभार कुठे असतो? बहुतेक वेळा दाराशी. त्याला प्रात्यक्षिकासाठी बोलावतात. तो चाक फिरवतो, मुलं चिखलात हात घालतात, आईबाबा फोटो काढतात. आत सभागृहात मातीवर चर्चा चालू असते, तिथे त्याला खुर्ची नसते. माती तीच, चाक तेच, पण एकाला आपण 'सिरॅमिक आर्टिस्ट' म्हणतो आणि दुसऱ्याला 'कुंभार'. पहिला शब्द व्यवसाय सांगतो, दुसरा जात. पहिल्याच्या कपावर सही असते म्हणून आपण किंमत विचारून गप्प बसतो, दुसऱ्याच्या माठाला टिचकी मारून "वीस रुपये कमी कर" म्हणतो. याला अपवाद आहेत. परंपरेने कुंभारकाम करणाऱ्या घरातून आलेल्या ब्रह्मदेव राम पंडितांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण अपवाद बोटावर मोजावे लागतात, हेच दुखणं आहे.

आता आमच्या भागाकडे या. उचगावहून बेळगाव, तिथून पुढे खानापूर. एसटीने दीड-दोन तासांचा प्रवास. खानापूरची माती नावाजलेली. वीटभट्ट्या, कौलांचे कारखाने आणि मातीची भांडी यांसाठी हा तालुका ओळखला जातो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट खानापुरातच आहे. गावोगावच्या कुंभारांना प्रशिक्षण देणारी ही संस्था आपल्या उंबऱ्यावर असताना आपण पॉटरी शिकायला मुंबई-पुण्याची जाहिरात शोधतो. कॉलेजातल्या किती जणांनी ती पाहिलीय? हात वर करा म्हटलं तर वर्गात शांतता पसरेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. आणि कळसाही मातीचाच!

हे सगळं वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणूनच भाषेकडे येतो. आपण खापर फोडतो, पालथ्या घड्यावर पाणी ओततो, 'कच्चं मडकं' म्हणून एखाद्याची परीक्षा करतो. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. तेर गावच्या एका कुंभाराने कोण पक्कं, कोण कच्चं हे ठरवावं आणि नामदेवांसारख्यांनी ते मानावं! ज्या परंपरेत कुंभाराचा शब्द असा शेवटचा होता, त्या परंपरेतल्या साहित्य संमेलनात आज त्याला बोलायला पाच मिनिटं नसावीत?

शब्द तर डोळ्यांदेखत चालले आहेत. रांजण, डेरा, मोगा, परळ, येळणी, बोळकं, सुगड. यातले किती शब्द तुम्ही वापरता ते सोडा, यातल्या किती वस्तू ओळखाल? संक्रांतीचं सुगड आणि दिवाळीची पणती तेवढी टिकली, कारण सण टिकले. लग्नात कुंभाराच्या घरून वाजतगाजत आणायच्या रंगवलेल्या ऐरणी अजून काही घरांत येतात. बेंदराला मातीचे बैल येतात. गंमत म्हणजे ऐरणी हा शब्द आमच्याकडच्या कन्नड घरांतही आहे. मडक्याला कन्नडमध्ये मडके, गाडग्याला गडिगे, कुंभाराला कुंबार. ज्या सीमेवरून माणसं इतकी वर्षं भांडत आली, ती सीमा मातीच्या भांड्यांनी कधी मानलीच नाही. संमेलनात भाषेवर पोटतिडकीने बोलणाऱ्यांनी याचाही विचार करावा असं मला वाटतं.

यावर एक आक्षेप मला बाजारातच ऐकायला मिळाला. बेळगावच्या बाजारात मडकी विकणाऱ्या एका आजींना मी म्हटलं, तुमची कला टिकली पाहिजे. त्या म्हणाल्या, "कला म्हणतोस बाळा, पण कोण घेतंय? दिवाळीला पणत्या खपतात तेवढंच. नातवाला मी ह्यात घालणार नाही." आजींचं म्हणणं खरं आहे. माती आणणं महाग झालं, जळण महाग झालं, भर पावसात आवा लावता येत नाही, आणि एक आवा बिघडला तर महिनाभराची मेहनत मातीमोल होते. कुणाच्या नातवाने काय करावं हे मी कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच आहे की, धंदा सोडायचा तर तो तोट्यामुळे सुटावा, लाजेमुळे नको. आणि लाज घालवणं हे काम सरकारी अनुदानाचं नाही, ते समाजाचं आहे. मान दिल्याने पोट भरत नाही, हे कबूल. पण जिथे मान नाही तिथे चांगला भावही मिळत नाही.

शिवाय गिऱ्हाईक येण्याची चिन्हंही आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाचे नवे नियम काढले आणि मातीच्या मूर्तींवर भर दिला. मातीचा गणपती हवा म्हणणारी घरं वाढताहेत. तो घडवणारे हात मात्र एका सीझनमध्ये तयार होत नाहीत.

जपानमध्ये माशिको नावाचं गाव आहे. तिथे रोजच्या स्वयंपाकाची साधी भांडी बनायची. शोजी हमादा नावाचा शिकलेला कलावंत इंग्लंडहून परतल्यावर १९२४ च्या सुमारास तिथे गेला, गावच्याच मातीत काम करत राहिला आणि पुढे जगभर गाजला. १९६६ पासून तिथे मातीच्या भांड्यांचा बाजार भरतो, आता वर्षातून दोनदा. नावाजलेले कलावंत आणि साधे कुंभार एकाच रस्त्यावर भांडी मांडतात. माशिकोकडे जे होतं त्यातलं आमच्याकडे काय नाही? माती आहे, कारागीर आहेत, संस्था आहे. आणि गावाने वर्गणी काढून सोहळा उभा करायची सवय तर आमच्याइतकी क्वचितच कुणाला असेल.

तेव्हा संमेलन भरवणाऱ्या सगळ्या गावांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, ग्रंथदिंडीत बायकांच्या डोक्यावर स्टीलचे, तांब्याचे कलश असतात, ते या वर्षी मातीचे असू देत आणि कुंभाराकडून भाव न करता घेतलेले असू देत. दुसरी, एक परिसंवाद मातीवर ठेवा. त्यात बोलायला कुंभार असू दे आणि त्या घरातली बाईही असू दे. चाकावर बहुतेक पुरुष बसतो, पण माती चाळणं, मळणं, भांडी रंगवणं आणि डोक्यावरून बाजारात नेणं तिनेच केलेलं असतं. तिसरी, कवीला जेवढं मानधन, तेवढंच त्यांना.

आणि आपल्या मंडळासाठी एक काम. दर वर्षी आपण एक सहल काढतो. या वेळी खानापूरला जाऊ. वही घेऊन जाऊ, तिथल्या कुंभारांकडून भांड्यांची, अवजारांची, आव्याच्या कामाची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये उतरवून घेऊ आणि सांगणाऱ्यांच्या नावासह पुढच्या अंकात छापू. त्यांना विचारूनच, अर्थात. ज्यांना यायचंय त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर नाव नोंदवा. कपडे जुने घाला.