उंच गाड्यांची लाट आणि सेडानची बाजू

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख, म्हणजे तिनांतल्या जवळजवळ दोन, वाहन उद्योगाच्या हिशेबात ‘युटिलिटी’ या रकान्यात मोडतात. या रकान्यात अर्टिगासारख्या सात आसनी गाड्याही येतात, पण मोठा वाटा एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या उंच गाड्यांचाच. २०१८ मध्ये याच देशात सर्वाधिक खपलेली गाडी डिझायर, म्हणजे सेडान होती. २०२४ मध्ये तो मान टाटा पंचने घेतला. यारिस, कोरोला, सिव्हिक, एलांट्रा, ऑक्टाव्हिया एकामागोमाग बाजारातून गेल्या आणि २०२५ मध्ये सियाझही बंद झाली. लोकांनाच उंच गाड्या हव्यात, कंपन्या त्या पुरवतात, असं यावर सांगितलं जातं. गाड्यांवर जीव असलेला माणूस म्हणून मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. कराची एक चुकीची रेषा, खराब रस्ते आणि ‘एसयूव्ही’ या तीन अक्षरांना आलेला भाव यांनी मिळून सेडानला मागे ढकललं आहे. यंत्र म्हणून पाहिलं तर बहुतेक कुटुंबांच्या बहुतेक प्रवासाला ती आजही उजवी आहे.

पुरावा पुण्याजवळ चाकणमध्ये आहे. फोक्सवॅगन समूहाच्या तिथल्या कारखान्यात टायगुन ही क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्याच पायावर बांधलेली एसयूव्हीसारखी उंच गाडी, आणि व्हर्टस ही सेडान अशा दोन गाड्या तयार होतात. दोन्हींचा पाया एक, एक लिटर आणि दीड लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं तीच, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही तेच, २,६५१ मिलिमीटर. दोघींनाही ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. आता फरक पाहा. व्हर्टस ४,५६१ मिलिमीटर लांब, तर टायगुन ४,२२१. व्हर्टसची डिकी ५२१ लिटरची, टायगुनची ३८५ लिटरची. चौघांच्या कुटुंबाला चार दिवसांसाठी गावी जायचं असेल तर एक मोठी बॅग डिकीत बसणार की पाठच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर येणार, हे त्या १३६ लिटरवर ठरतं. टायगुन छताशी दहा सेंटिमीटरने उंच आहे. मात्र ज्या एका गुणासाठी लोक क्रॉसओव्हर घेतात त्या ग्राउंड क्लिअरन्समध्ये रिकाम्या गाडीचा फरक आहे अवघा नऊ मिलिमीटरचा: १८८ आणि १७९. हेच चित्र बलेनो आणि फ्रॉन्क्समध्ये दिसतं. १.२ लिटरचं तेच इंजिन, दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत, चाकांमधलं अंतर सारखं. फ्रॉन्क्सला दोन सेंटिमीटर जास्त ग्राउंड क्लिअरन्स मिळतो; त्याबदल्यात डिकी दहा लिटरने लहान, मॅन्युअल गिअरच्या मॉडेलचं कंपनीने सांगितलेलं मायलेज २२.३५ वरून २१.७९ वर येतं आणि किंमत वाढते. ग्राहकाने जास्तीचे पैसे मोजले ते मुख्यतः उभट बॉनेटसाठी आणि चाकांभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकसाठी.

गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वाऱ्याला अडवणारं तिचं अंग मोठं होतं. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी ८० वरून १२० वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. शहरातल्या गर्दीत हे जाणवणार नाही. पण मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला आणि कारसाठी तिथली वेगमर्यादा १२० आहे. अशा रस्त्यावर बुटकी, निमुळती गाडी कमी इंधनात, कमी आवाजात आणि कडेच्या वाऱ्याला कमी हलत जाते. घाटात उंच गाडी वळणावर झुकते, मागे बसलेल्या मुलांना मळमळायला लागतं. सेडान तेच वळण सहज आणि सपाट घेते. इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाने उंच गाडी अधिक सुरक्षित होते, पण तिचा गुरुत्वमध्य काही खाली येत नाही. चांगली सेडान हाती असताना वळण घेण्यात जो आनंद आहे तो मी चैन मानत नाही. गाडी आपलं ऐकते आहे, हा विश्वास त्यातूनच येतो.

उंच गाड्यांविषयी मला आकस नाही. उलट अस्सल एसयूव्ही ही महाराष्ट्राचीच परंपरा आहे. महिंद्राने मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली, टाटांनी पुण्यात १९९१ मध्ये सिएरा आणि १९९४ मध्ये कंपनीचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून सुमो काढली, २००२ मध्ये नाशिकमधून स्कॉर्पिओ आली. शिडीसारखी पोलादी चॅसी, मागच्या चाकांना ताकद, खडबडीत वाटेवर पिळवटली तरी न कुरकुरणारी बांधणी. कोल्हापूर-साताऱ्याकडचं वडाप आणि मराठवाडा-विदर्भातली काळीपिवळी अशाच गाड्यांवर चालली. आजची थार घ्या: चारही चाकांना ताकद, लो रेंज गिअर, २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची कंपनीने सांगितलेली क्षमता. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, पंच किंवा क्रेटामध्ये फोर बाय फोर मिळतच नाही. या गाड्या वाईट नाहीत. त्यांतल्या काही फार उत्तम आहेत. पण चिखलात त्यांची पुढची दोन चाकं फिरतात तशीच सेडानचीही फिरतात. पावसाळ्यात तुंबलेल्या सबवेमध्ये त्यांना जास्त हिंमत दाखवण्याचं कारण नाही, कारण इंजिन हवा किती उंचीवरून ओढतं यावर तिथे सगळं अवलंबून असतं आणि ते ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावरून कळत नाही.

मग कंपन्या एवढ्या क्रॉसओव्हर का काढतात? याचं मूळ २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. त्या वर्षी चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. हेतू चांगला होता, लहान आणि काटकसरी गाडीला उत्तेजन देण्याचा. पण मोजमाप निवडलं ते लांबीचं. सेडानचा आकारच लांबीवर उभा असतो: इंजिन, माणसं आणि सामान यांच्यासाठी एकामागे एक तीन जागा. चार मीटरच्या रेषेने त्यातली तिसरी जागा कापली. २००८ मधली डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती. २०१२ मध्ये ती ३,९९५ वर आणली गेली आणि डिकी आक्रसली. उंचीवर मात्र कुठलीच मर्यादा नव्हती. लांबी रोखलेली आणि उंची मोकळी असेल तर कुठलाही अभियंता वरच जाणार. २०१३ मध्ये फोर्डच्या इकोस्पोर्टने ३,९९९ मिलिमीटरमध्ये एसयूव्हीचा चेहरा बसवून दाखवला आणि पुढची दहा वर्षं सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा हे दुरुस्त करण्याची संधी होती. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनांच्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या ते चांगलंच झालं. पण त्या रेषेपलीकडे सरसकट ४० टक्के. आधी होंडा सिटीसारख्या दीड लिटरच्या सेडानवर उपकरासह ४५ टक्के कर होता आणि फॉर्च्युनरसारख्या गाडीवर ५०. आता दोन्हींवर ४०. सुमारे अकराशे किलोची काटकसरी सेडान आणि दोन टनांच्या घरातली डिझेल गाडी सरकारच्या लेखी सारखीच झाली आणि जास्त सवलत मिळाली ती जड गाडीला.

आकार नियमांमुळे ठरतो, हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत इंधनाचे निकष ‘लाइट ट्रक’ या वर्गाला कारपेक्षा सैल राहिले आणि उंच क्रॉसओव्हर त्या वर्गात बसवता आल्या. आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क असल्याने देशी कंपन्यांना तिथे संरक्षणही होतं. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडानचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं, त्यामागे ग्राहकाच्या पसंतीइतकंच हे गणित होतं.

सेडानविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप रस्त्यांचा आहे. गतिरोधकावर सेडान खालून घासते, खड्ड्यात आदळते, हा अनुभव हजारोंचा आहे आणि तो खोटा ठरवण्यात अर्थ नाही. पण दोष कुणाचा ते पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद, हलक्या गोलाईचा असायला हवा. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. पाच माणसं बसून ती दोन-तीन सेंटिमीटर दबली तरी असा गतिरोधक ती न घासता ओलांडेल, कारण एवढ्या रुंदीवर गाडीची चारही चाकं एकदम मावतात. पोट घासतं ते रात्रीतून घातलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्यावर, ज्याला ना निकष, ना पांढरे पट्टे, ना फलक. तो उंचवटा दुचाकीवरून घसरणाऱ्यालाही नडतो, रिक्षातल्या गरोदर बाईलाही आणि रुग्णवाहिकेलाही. ज्यांना परवडतं त्यांनी उंच गाडी घेऊन स्वतःपुरता प्रश्न सोडवला, तर महापालिकेकडे तक्रार घेऊन जाणारा आवाज तेवढा क्षीण होतो. ज्याच्या गावाला अजून डांबरी रस्ता नाही त्याने उंच गाडी जरूर घ्यावी. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याची गरज चांगल्या रस्त्याची आहे.

दुसरा आक्षेप गुडघ्यांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. वयस्कर माणसाला सेडानमध्ये खाली वाकून बसणं आणि पुन्हा उठणं जड जातं; नेसत्या साडीत तर फारच. सीट कमरेच्या उंचीला असली की बसणं-उठणं सोपं होतं. पण ही सोय एसयूव्हीने आणलेली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सँट्रो आणि वॅगनआर यांनी ती साध्या, हलक्या, स्वस्त गाडीत दिली आणि वॅगनआर आजही देते आहे. आई-वडिलांसाठी गाडी घेणाऱ्याने त्या जातीच्या गाड्या आधी पाहाव्यात. आजच्या काही क्रॉसओव्हर्समध्ये उतरत्या छतामुळे मागच्या दारात डोकं वाकवावं लागतं, तेही शोरूममध्ये प्रत्यक्ष बसून तपासावं.

सुरक्षिततेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असा समज घट्ट बसला आहे. २०२४ मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपने प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे दिले, तेव्हाच तो मोडायला हवा होता. दोन गाड्यांच्या टकरीत जड गाडीतल्यांना वजनाचा फायदा मिळतो, हे भौतिकशास्त्र मी नाकारत नाही. पण तो फायदा समोरच्याच्या जिवावर मिळतो. आणि आपल्या रस्त्यावर समोरचा कोण असतो? केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला ठोकलं तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. आपल्याकडच्या छोट्या क्रॉसओव्हर्स तिथल्या ट्रकांएवढ्या उंच नाहीत, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. कारण मात्र इथेही लागू पडतं: उतरतं बॉनेट माणसाच्या पायांना लागतं, उभं बॉनेट छातीला. नव्या गाड्यांची बॉनेटं दरवर्षी अधिक उभी होत चालली आहेत, आणि सोसायटीच्या आवारात खेळणारं मूल अशा बॉनेटच्या आड पूर्ण दिसेनासं होतं.

पिकअपबद्दल थोडक्यात. नाशिकचा कांदा बाजार समितीत नेणारी बोलेरो पिकअप मला या सगळ्यांत प्रामाणिक गाडी वाटते. तिची उंची, कडक पाटे आणि उघडा हौदा, प्रत्येक गोष्ट कामासाठी आहे. हायलक्स आणि व्ही-क्रॉस या दणकट, सक्षम गाड्या आहेत. शेती, खाणकाम किंवा डोंगरातला प्रवास असेल तर त्या घ्याव्यात. रिकामा हौदा घेऊन एकट्याने कार्यालयात जायला त्या नेल्या, तर अमेरिकेची चूक आपण निम्म्या रुंदीच्या रस्त्यांवर करतो आहोत.

ज्याला जी आवडेल ती गाडी त्याने घ्यावी, याला माझी हरकत नाही. पण आवडीचा खर्च ज्याचा त्याने उचलावा. जड गाडी रस्ता, इंधन, पार्किंग आणि इतरांची सुरक्षितता यांतला जास्त वाटा घेते. फ्रान्सने २०२२ मध्ये १,८०० किलोंवरच्या गाड्यांना वजनाचा कर लावला आणि २०२४ मध्ये ती मर्यादा १,६०० वर आणली. पॅरिसकरांनी २०२४ मध्ये मतदान करून जड गाड्यांसाठी पार्किंगचा दर तिप्पट करायला कौल दिला. जीएसटी परिषदेने लांबीची रेषा सोडून वजनाच्या पायऱ्या आणाव्यात, म्हणजे साडेचार मीटरची हलकी सेडान पुन्हा मध्यमवर्गाच्या आवाक्यात येईल. महाराष्ट्राला तर दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. राज्याचा एकरकमी वाहन कर आज गाडीची किंमत आणि इंधन यांवर ठरतो. त्यात वजनाचा तिसरा घटक जोडता येईल, आणि पुणे-मुंबईच्या महापालिकांना वाहनतळाचे दरही त्यावर बेतता येतील. त्यासाठी नवी मोजणी लागत नाही. प्रत्येक गाडीचं रिकामं वजन आरसी बुकावर आजच छापलेलं असतं.