माशांची पेटी उंच नको

आपल्या वर्गासाठी माशांची काचेची पेटी करायची ठरले आहे. बरीच मुले म्हणतात, उंच करू, दिसायला झकास. मला हे पटत नाही.

मागच्या पावसाळ्यात आशाताईंनी हौदात सोडायला पाच गप्पी मासे दिले. ते डासांच्या अळ्या खातात. मी ते गुपचूप लोणच्याच्या बरणीत ठेवले, पाणी पार गळ्यापर्यंत. आजी म्हणाली, "काय करी राहिना रे भो? मरी जातीन ना!" तिसऱ्या दिवशी चार मासे उलटे तरंगत होते. मी जेवलो नाही. गुरुजी म्हणाले, मासे पाण्यात विरघळलेली हवा घेतात, अन् ती वरूनच पाण्यात शिरते. बरणीचे तोंड तर एवढेसे!

मग मामांनी अमळनेरला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडून घेतला. खडूची पूड अन् अळशीचे तेल कणकेसारखे मळून आम्ही लांबी केली. काच आतून बसवायची, म्हणजे पाणीच तिला पट्टीवर दाबून धरते. तरी पहिल्यांदा गळलीच, आईची गोधडी भिजली. पेटी 45 सें.मी. लांब, 30 रुंद, 30 उंच. पूर्ण भरली तर साडेचाळीस लिटर, म्हणजे साडेचाळीस किलो पाणी! उंच पेटीत तळाशी दाब आणखी वाढतो, काच फुटली तर?

उरलेला मासा मादी निघाली. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लेच देते. वर्गाची पेटी रुंद होणार असेल तर त्यातली दहा पिल्ले मी आणीन. उंच केली तर देणार नाही, गुरुजींनी सांगितले तरी.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी