तो 'काका' कोण, हे मंडळाने ठरवावं

गणपती जवळ आले की सारसोळ्यातली मंडळं कशी कामाला लागतात, ते नेरूळच्या सेक्टर 6 मध्ये राहणाऱ्यांना ठाऊक आहे. वर्गणीचं पुस्तक कुणाकडे, मांडवाच्या रात्रपाळीला कोण, खाडीवर विसर्जनाच्या वेळी पाण्यात कोण उतरणार, सगळं नावानिशी ठरतं. एवढं शिस्तीचं काम करणारी माणसं लहान मुलांच्या बाबतीत मात्र काहीच ठरवत नाहीत, याची मला काळजी वाटते.

नाचाची तालीमच घ्या. कोळीगीतांचा स्पीकर बंद होतो तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. मोठी पोरं बाइकला किक मारून निघून जातात. सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली ओट्यावर घुटमळत राहतात. कुणाची आई कामावरून अजून परतलेली नसते, कुणाचा बाप होडीवर गेलेला असतो. मग कुणीतरी काका म्हणतो, ''चल गो, सोडतो घरी.'' बहुतेक काका भलेच असतात. पण हे काम त्यांच्याकडे सोपवलं कुणी? मूल घरी पोचलं की नाही, हे कोण विचारतं?

पूर्वी गावात सगळे एकमेकांना ओळखायचे म्हणून पोरं सुरक्षित होती, असं जुनी माणसं सांगतात. मला ते पटत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या कायद्याखालच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं दाखवते. त्यामुळे मांडवाच्या खांबाला कॅमेरा लावून आणि परक्या फेरीवाल्यावर नजर ठेवून भागणार नाही. नियम आपल्याच माणसांना हवेत, आणि ते साधे आहेत. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. कोणतं मूल कुणासोबत घरी गेलं, ते वहीत लिहायचं. आणि एखादं मूल अमक्यासोबत जायला नको म्हणालं, तर ''असं बोलू नये, मामा आहे तो'' म्हणून त्याला गप्प बसवायचं नाही.

बदलापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. बालवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर शाळेतच अत्याचार झाले, तक्रार घ्यायला विलंब झाला, आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप योग्यच होता. पण मूल पहिल्यांदा बोलतं तेव्हा ऐकणारं माणूस हवं, आणि ते गल्लीतच हवं. बचत गटाच्या बायका हे काम उत्तम करू शकतात. कुठल्या घरात दारू आहे, कुठली पोर अचानक शाळेला जाईनाशी झाली, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि कळल्यावर ''घरातलं घरात मिटवू'' म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. यातून ना पंचांना सूट आहे, ना मंडळाच्या अध्यक्षाला.

राखण झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. पोरांना किंमतही मिळायला हवी. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यावर स्वतःच नाटुकली रचतात आणि मोठी माणसं समोर बसून ती बघतात. चारचौघांत ज्याचं म्हणणं ऐकलं जातं, ते मूल संकटातही तोंड उघडतं, असं मला ठामपणे वाटतं. आपल्या मंडळांत मुलं फक्त नाचायला आणि टोप्या घालून मिरवणुकीत पुढे उभी राहायला लागतात. यंदा देखावा कशावर करायचा, हे एकदा त्यांना विचारून पाहा.

तोवर एक काम लगेच करता येईल. मांडवाच्या फलकावर देणगीदारांच्या नावांच्या वर, लहान मुलाला वाचता येईल अशा अक्षरांत 1098 हा आकडा रंगवून घ्या. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि तिला पैसे पडत नाहीत.