लागणारा ब्रेक आणि धरणारा ब्रेक

ट्रायल्स सायकलचा मागचा ब्रेक घसरतोय अशी कोणी तक्रार केली की सल्ला ठरलेला असतो: "रिमवर ग्राइंडर फिरव!" माझं मत असं की हा सल्ला चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे. पाचवा-सहावा असावा. आधीच्या चार-पाच गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्या कोणी सांगत नाही, इतकंच.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दगड, ओंडके, भिंती, लाकडी पॅलेट यांवरून पाय न टेकता, उड्या मारत सायकल न्यायची, ही ट्रायल्स. मूळ मोटरसायकलच्या ट्रायल्सचं. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी या मोटरसायकलवाल्याने आपल्या मुलासाठी, ओटसाठी, तशी छोटी सायकल केली आणि हाच ओट पी पुढे या खेळाचा विश्वविजेता झाला. स्पर्धेच्या सायकलींची चाकं २० किंवा २६ इंची. बऱ्याच सायकलींना सीटच नसते, कारण बसायचंच नसतं!

आता तुम्ही म्हणाल, ब्रेक तो ब्रेक, त्यात काय एवढं? फरक कामात आहे. आपल्या रोजच्या सायकलचा ब्रेक वेग कमी करतो. ट्रायल्समध्ये वेग जवळजवळ नसतोच. माणूस भिंतीच्या कडेवर मागच्या एका चाकावर उभा असतो, पुढचं चाक हवेत, आणि त्याचं सगळं वजन दोन छोट्या पॅडच्या पकडीवर. चाक इंचभर पुढे सरकलं तर तो पाठीवर पडणार. शिवाय चाक मागेही फिरू पाहतं, म्हणजे ब्रेकला दोन्ही दिशांनी धरावं लागतं. नुसता 'लागणारा' ब्रेक इथे उपयोगाचा नाही, 'धरणारा' हवा.

म्हणून डिस्कच्या जमान्यातही अनेक ट्रायल्स सायकलींना मागे हायड्रॉलिक रिम ब्रेक दिसतो. त्यातलं प्रसिद्ध नाव म्हणजे जर्मनीच्या मागुरा कंपनीचा एचएस३३. लिव्हर दाबला की तेल दोन्ही बाजूंचे छोटे पिस्टन ढकलतं आणि पॅड सरळ रिमवर बसतात. हा जोर इतका असतो की फ्रेमच्या नळ्या बाहेर फाकू लागतात, म्हणून वरून घोड्याच्या नालासारखी बूस्टर पट्टी लावतात.

आता कंटाळवाणी यादी. चाक सरळ फिरतंय का? वळवळणाऱ्या चाकावर कोणताच ब्रेक जुळत नाही. रिम स्वच्छ आहे का? तेलाचा एक डाग पुरतो, स्पिरिटने पुसा. लिव्हर स्पंजासारखा लागतो का? मग आत हवा आहे, ती काढा. नंतर पॅड. सिलिंडर धरणारे बोल्ट किंचित सैल करा, लिव्हर दाबून पॅड रिमवर सपाट बसू द्या, लिव्हर रबराने बांधून ठेवा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच आधी करकचून आवळला की सिलिंडर फिरलाच म्हणून समजा. पॅड टायरला लागता कामा नये, रिमच्या खालीही उतरता कामा नये. दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर फट, आणि दोन्हीकडे सारखी.

जुळलं की नाही हे ओळखायची सोपी युक्ती: पॅडच्या तोंडावर मार्करने रेघा मारा, थोडं फिरवून ब्रेक दाबा, पॅड काढून बघा. शाई फक्त एका टोकाला पुसली असेल तर तुमचा अर्धा ब्रेक सुट्टीवर आहे.

यानंतर पॅड बसवणं, आणि इथे सगळ्यांची घाई होते. नव्या पॅडच्या तोंडावर गुळगुळीत साय असते. ती बारीक सँडपेपरने काढा. मग सपाट जमिनीवर हळूहळू पुढे जाऊन ब्रेक, मागे येऊन ब्रेक, असं वीस-तीस वेळा. मागेसुद्धा, कारण पुढे भिंतीवर तसाच भार येणार आहे. पॅड झिजून रिमचा आकार घेतो. मग बोल्ट आणि फट पुन्हा तपासा, कारण दोन्ही थोडी बदललेली असतात. त्या दिवशी भिंत नको. घसरलंच तर ते जमिनीवर घसरू दे.

आणि ग्राइंडर? त्याने रिमवर बारीक चरे पडतात आणि पॅड त्यात रुततो. ओल्या रिमवर याचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी अॅल्युमिनियमची भिंत पातळ होते, आणि ती परत जाड होत नाही. काही जण रिमला डांबर चोळतात; पावसात त्याचा भरवसा राहत नाही. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तिरका पॅडसुद्धा खरबरीत रिमवर बऱ्यापैकी पकडतो, म्हणजे दोष दिसेनासा होतो, जात नाही. आमच्या धंद्यात टाइमआउट वाढवून बग 'सोडवतात' ना, तसंच. चरे गुळगुळीत झाले, पाऊस पडला, की तो बग परत येतो. आणि इथे प्रोडक्शन म्हणजे तुमच्या नडग्या आणि दात आहेत.

तेव्हा आधी चाक, मग हवा, मग पॅड, मग जमिनीवरचा अर्धा तास. एवढं करूनही घसरला तर खुशाल ग्राइंडर काढा. माझा अंदाज, बहुतेकांना तो काढावा लागणार नाही.