गिरणीच्या आवारातील गाणे

२००६ साली वरळीच्या बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारात ‘हार्ड रॉक कॅफे’ सुरू झाले. जेवण, मद्य आणि व्यासपीठावर प्रत्यक्ष वाजणारे संगीत असा तेथील रात्रीचा बेत. भिंतींवर नामवंतांच्या गिटारी, दिव्यांचा झगमगाट आणि रात्र चढेल तसा वाढणारा ढोलताशांसारखा दणदणाट. तेथे रमणाऱ्या तरुणांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु त्याने काहीच साधत नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री चार घास मित्रांसोबत खावेसे वाटणे, गाणे ऐकावेसे वाटणे ही स्वाभाविक भूक होय. प्रश्न निराळाच आहे. ही भूक भागविण्याची जागा कोणाच्या हाती असावी?

आयझॅक टिग्रेट व पीटर मॉर्टन या दोन अमेरिकन तरुणांनी १९७१ साली लंडनमध्ये हे उपाहारगृह काढले. एरिक क्लॅप्टनने आपल्या नेहमीच्या जागेची खूण म्हणून तेथे गिटार टांगू दिली, मागोमाग पीट टाउनशेंडने आपली पाठविली. ‘सर्वांवर प्रेम, सर्वांची सेवा’ हे त्यांचे ब्रीद. पुढे या मैत्रीच्या खुणांचाच व्यापार झाला. नाव, मांडणी आणि पदार्थांची यादी मूळ कंपनीने ठरवावी. भांडवल व जोखीम स्थानिक व्यावसायिकाने घ्यावी आणि नावाच्या वापराबद्दल रॉयल्टी भरावी, ही फ्रँचायझीची रीत. अशा रीतीने बंडखोरीची खूणही नगावर विकता येते.

वस्तुतः रॉक संगीताचे मूळ श्रमिकांतच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून ब्लूज घडले आणि ब्लूजमधून रॉक. ते संगीत मुंबईत कापडगिरणीच्या आवारात आले, तेव्हा तेथील श्रमिक मात्र बाहेर गेलेला होता.

या श्रमिकाचीही संध्याकाळ होती. खाणावळवाल्या बाईकडचे जेवण आणि त्यानंतर चाळीतले भजन, नाक्यावरचा पोवाडा किंवा तमाशा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक याच वस्तीत वाढले. खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित झाल्या. अन्न आणि गाणे येथेही एकत्रच होते. फक्त प्रवेशदारावर माणसाचा खिसा जोखला जात नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि कापडापेक्षा जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनीचा एकेक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी व म्हाडाला घरांसाठी देण्याची तरतूद केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ज्या वर्षी नगराचा हिस्सा आक्रसल्यावर शिक्कामोर्तब झाले, त्याच वर्षी गिरणीच्या आवारात नवी मैफल सजली. हा कोणा उपाहारगृहाचा अपराध नव्हे. तो धोरणाचा परिणाम होय.

अशा ठिकाणांमुळे तरुण वादकांना व्यासपीठ आणि अनेकांना नोकरी मिळते, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु जेथे गाण्याचे मोल रात्रीच्या गल्ल्यावर ठरते, तेथे गल्ला भरणारेच गाणे टिकते. ज्या शाहिराचा श्रोता पाण्याच्या बाटलीचे पैसेही मोजू शकत नाही, त्याने कोठे उभे राहावे?

२००७ साली ही जगभरची साखळी फ्लोरिडातील सेमिनोल या मूलनिवासी जमातीने विकत घेतली. ज्यांच्या पूर्वजांची भूमी हिरावली गेली, त्यांनी सामूहिक मालकीच्या बळावर हा व्यवहार केला. गिरणगावाच्या हाती तशी सामूहिक मालकी कधी आलीच नाही. म्हणून जी जमीन महापालिकेकडे आली आहे, तिच्यावर प्रत्येक प्रभागात अल्प भाड्याचे छोटे सभागृह आणि त्याला लागून स्त्रियांच्या सहकारी संस्थेची खाणावळ, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. तेथे पोवाडा होईल, तशी गिटारही वाजेल. गाणे कोणतेही असो, त्याच्या पायाखालची जमीन लोकांची असली पाहिजे.